सिएम रीपमध्ये हॉटेल निवडायचं ते दुपारसाठी

मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझी सगळ्यात जुनी पेशंट म्हणजे आई. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे झिजलेले, उजवा जास्त. अंगकोर वाट या जुन्या देवळाच्या भिंतीवर अख्खं कुरुक्षेत्र कोरलंय हे तिनं कुठंतरी वाचलं होतं आणि ते बघायचंच हे मनात धरून ठेवलं होतं. जानेवारीत आम्ही दोघी कंबोडियात, त्या देवळाजवळच्या सिएम रीपला चार रात्री राहून आलो. आईवडिलांना घेऊन जायचा विचार असेल त्यांच्यासाठी हॉटेल, पास आणि रिक्षा या तिन्हींबद्दल सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गोष्ट, जी मला जाण्याआधी कुणी सांगितली नाही. तिथला दिवस दोन तुकड्यांत जगायचा असतो. पहाटे पावणेपाचला निघायचं, अकराच्या आत खोलीवर परतायचं, अंघोळ, जेवण, झोप, आणि तीनला पुन्हा बाहेर. जानेवारी म्हणजे तिथला थंडीचा मोसम, तरी दुपारी पारा बत्तिशीला जातो आणि तापलेल्या दगडातून वाफ आल्यासारखं वाटतं. म्हणजे हॉटेलात तुम्ही रात्रीपेक्षा दुपारी जास्त जागे असता. सावली कुठं आहे, खोली दुपारी तापते का, पायऱ्या किती, जेवण वेळेवर मिळतं का, हे बघून हॉटेल घ्या. तारे किती आहेत त्याला मी फार किंमत देणार नाही.

आम्ही नदीच्या पूर्वेला, वाट बो भागात राहिलो. प्सार चास म्हणजे जुना बाजार आणि त्याला लागून असलेला पब स्ट्रीट नदीच्या पलीकडे. चालत पंधरा मिनिटं, आईच्या चालीनं पंचवीस. तिथलं संगीत मध्यरात्रीनंतरही चालू असतं. चारला उठायचं असेल तर त्या बाजूला खोली घेऊ नका. आमचं हॉटेल तेवीस खोल्यांचं, मधे छोटा तलाव, भोवती चाफ्याची झाडं. रोजचे ४२ डॉलर, न्याहारी धरून.

आता तक्रारी. मी तीन आठवडे आधी ईमेल करून तळमजल्याची खोली मागितली होती, त्यांचा होकारही आला होता. पोचलो तर खोली दुसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. बत्तीस पायऱ्या, मी मोजल्या. मॅनेजरबाईंनी हात जोडून माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खोली बदलून दिली, पण पहिल्या रात्री आई एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत वर गेली ते मी विसरलेले नाही. तुमच्याबरोबर गुडघेदुखीचं माणूस असेल तर ईमेलवर थांबू नका, निघायच्या आदल्या दिवशी फोन करा आणि खोलीचा नंबर विचारून घ्या. दुसरं म्हणजे, त्यांच्या माहितीत ‘विमानतळापासून पंधरा मिनिटं’ असं लिहिलं होतं. ते जुन्या विमानतळाचं. नवा विमानतळ ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला आणि तो गावापासून चाळीस किलोमीटरहून जास्त लांब आहे. गाडीला तासभर लागला आणि ३५ डॉलर गेले. जुनी माहिती वाचून बेत आखलात तर पहिल्या संध्याकाळचं गणित चुकेल, आमचं चुकलं.

एवढं सांगूनही मी त्याच हॉटेलात पुन्हा जाईन, आणि त्याचं कारण तिथलं स्वयंपाकघर. आई पूर्ण शाकाहारी. कंबोडियात ‘भाजी’ म्हणून ताटात येते तिच्यातही बहुतेक वेळा ‘तुक त्रेइ’ असतं, म्हणजे माशाचं आंबवलेलं पाणी. मांस नको म्हटल्यावर ते वगळलं जातं असं नाही. रिसेप्शनवरच्या मुलीनं मला एका कार्डावर ख्मेर या तिथल्या लिपीत लिहून दिलं: मांस नको, मासे नकोत, तुक त्रेइ नको, प्रहोक नको. प्रहोक ही आंबवलेल्या माशाची चटणी. चार दिवस ते कार्ड मी पर्समध्ये ठेवलं आणि प्रत्येक ठिकाणी आधी तेच पुढे केलं. हॉटेलात पाण्यात वाढणारी, पोकळ देठांची पालेभाजी लसूण घालून परतून मिळायची, त्राकुन म्हणतात तिला. आणि सकाळी बबॉर. ही आपली पेजच, मऊ, पांढरी, वाफाळती. आईनं पिशवीतून मेतकूट काढलं, वर चिमूटभर मीठ घातलं आणि चिपळूणला माहेरी बसल्यासारखी जेवली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकीणबाईंनी मेतकूट चाखायला मागितलं. निघताना आईनं उरलेला डबा त्यांना देऊन टाकला.

पासाबद्दल. अंगकोरच्या देवळांचा पास एक दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. तीन दिवसांचाच घ्या. ते तीन दिवस सलग नसले तरी चालतात, दहा दिवसांत कधीही वापरता येतात. एका दिवसाच्या पासात पहाटेपासून संध्याकाळपर्यंत सगळं उरकावं लागतं, आणि माझ्या पेशामुळे मी ठामपणे सांगते, थकलेले गुडघे तिसऱ्या देवळात नुसते दगड मोजतात. पास देवळाच्या दारात मिळत नाही. गावाबाहेर वेगळं तिकीटघर आहे, तिथं तुमचा फोटो काढून पासावर छापतात. ऑनलाइनही काढता येतो. प्रत्येक तिकिटातले २ डॉलर कंथा बोफा बालरुग्णालयाला जातात. ही रुग्णालयं मुलांवर मोफत उपचार करतात. हे कळल्यावर आई म्हणाली, “मग पैसे सत्कारणी लागले.”

रिक्षाला तिथं टुकटुक किंवा रेमॉर्क म्हणतात: मोटरसायकल आणि मागे जोडलेली चार जणांची छपराची गाडी. मोबाईलवरून बोलावता येते, पण आम्ही चारही दिवस एकच चालक ठेवला. अंगकोर वाट, बायोन, ता प्रोम या जवळच्या देवळांच्या छोट्या फेरीचे १८ डॉलर, लांबच्या बांतेआय स्रेई देवळाला जाऊन यायचे ३०. त्यांना आम्ही ‘बोंग’ म्हणायचो. ख्मेरमध्ये मोठा भाऊ आणि मोठी बहीण दोघांनाही हाच शब्द. गाडीत बर्फाची पेटी आणि पाण्याच्या बाटल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून एक छोटं लाकडी स्टूल आणलं, आईला चढता-उतरता यावं म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं. ‘ऑकुन’ म्हणजे आभार. त्यातलं ‘कुन’ हे आपल्या ‘गुण’ शब्दाचंच रूप. आई ते लगेच शिकली आणि स्टुलावर पाय ठेवताना दर वेळी म्हणायची.

अंगकोर वाट बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मा राजानं विष्णूसाठी बांधलं. दार पश्चिमेला, म्हणून सूर्य देवळाच्या मागून उगवतो आणि त्यासाठी पहाटे डाव्या तळ्याच्या काठी तोबा गर्दी होते. सुंदर दिसतं, मी नाही म्हणत नाही. पण खंदकाच्या अलीकडून आतल्या देवळापर्यंतच अर्धा किलोमीटरहून जास्त चाल आहे, अंधारात, ओबडधोबड दगडांवर. ज्येष्ठांना एकदाच न्या, टॉर्च आणि काठी घेऊन. सूर्य वर आला की गर्दी न्याहारीला पांगते आणि पुढचा दीड तास गॅलऱ्या जवळजवळ मोकळ्या असतात. तीच वेळ साधायची.

पश्चिमेच्या गॅलरीत शिरून उजवीकडे वळलं की कुरुक्षेत्र, डावीकडे लंकेचं युद्ध. पूर्वेच्या बाजूला समुद्रमंथन: एकीकडे ९२ असुर, दुसरीकडे ८८ देव, मधे विष्णू, खाली कासव, आणि वासुकी जवळजवळ पन्नास मीटर लांब ताणलेला. दक्षिणेला रेड्यावर बसलेला यम आणि निवाडा करणारा चित्रगुप्त. चित्रगुप्ताचं नाव तिथं दगडात लिहिलेलं आहे हे मी सांगितल्यावर आईनं हात जोडले. प्रवेशाच्या गोपुरातला आठ हातांचा विष्णू चुकवू नका. त्याला तिथले लोक आजही भगवं वस्त्र नेसवतात, कमळाच्या कळ्या वाहतात.

सगळ्यात वरचा मजला बाकान. मूळ पायऱ्यांवर आता कठडा असलेला लाकडी जिना बसवलाय, तरी चढ फार उभा आहे. गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरताना जास्त भार येतो, म्हणून मी आईला वर नेलं नाही, आणि स्वतःही गेले नाही. याचं वाईट वाटून घेऊ नका. खालच्या भिंतीच आठवडाभर पुरतील इतक्या आहेत. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे मात्र हवेतच, बाकानवर त्याशिवाय सोडत नाहीत.

गुडघ्यांच्या दृष्टीनं सगळ्यात सोयीचं देऊळ बांतेआय स्रेई. गावापासून तासाभरावर, पण जमीन सपाट आणि देऊळ लहानखुरं, गुलाबी वाळूच्या दगडाचं, इ. स. ९६७ मधलं. कैलास हलवणारा रावण तिथं हातभर अंतरावरून बघता येतो. वेरूळच्या कैलास लेण्यातला रावण आईनं पाहिलेला, त्यामुळे ती बराच वेळ दोन्हींची तुलना करत उभी राहिली: इथं डोंगराच्या पायऱ्यापायऱ्यांवर ऋषी, माकडं, प्राणी घाबरून पळताहेत, आणि पार्वती शंकराला बिलगलीय. झाडांच्या मुळांनी वेढलेलं ता प्रोमही सोपं गेलं, कारण बऱ्याच भागात लाकडी मार्ग केलेत. तिथल्या दुरुस्तीचं काम आपल्या भारतीय पुरातत्त्व विभागानं केलं आहे. बायोन मात्र पायऱ्यांचं आहे. आम्ही खालच्या भिंतींवरची बाजाराची आणि लढायांची शिल्पं पाहून परतलो.

कागदपत्रांचं थोडक्यात. ई-व्हिसा फक्त सरकारी साइटवरूनच काढा. सारख्या दिसणाऱ्या खाजगी साइट्स भलतेच पैसे उकळतात. निघायच्या आधीच्या सात दिवसांत ई-अरायव्हलचा फॉर्म भरायचा, तो फुकट आहे. आम्ही मुंबईहून सिंगापूरमार्गे एकाच तिकिटावर गेलो, त्यामुळे बॅगा थेट पुढे गेल्या. डॉलर सगळीकडे चालतात, सुट्टे रिएल या तिथल्या चलनात परत मिळतात, पण जरा फाटलेली नोटसुद्धा कुणी घेत नाही. बँकेतून कोऱ्या, लहान नोटा मागून घ्या.

तिसरा दिवस आम्ही मोकळा सोडला होता. आई सकाळभर झोपली, दुपारी चाफ्याखाली पाय वर करून बसली, मी बर्फानं गुडघे शेकले. तीन वाजता तिनं विचारलं, “पास अजून चालतो ना?” बोंग स्टूल घेऊन हजर होते, पुन्हा अंगकोर वाटला गेलो. पश्चिमेकडचं ऊन त्या वेळी खांबांमधून थेट गॅलरीत येतं आणि पहाटे करडी दिसलेली भिंत पिवळी होते. हजारो हातांनी घासून काही ठिकाणचा दगड काळा चकचकीत झालाय. कौरव डावीकडून चाल करून येतात, म्हणून आईनं डावीकडून सुरुवात केली. शरपंजरी पडलेल्या भीष्मांपाशी ती वीस मिनिटं थांबली, मग काठी टेकत पुढे, एकेक रथ, एकेक हत्ती. साडेपाचला पहारेकऱ्यानं सगळ्यांना बाहेर निघायला सांगितलं. तेव्हा ती अर्जुनाच्या रथापर्यंत पोचली होती. पांडवांची निम्मी सेना बघायची राहिली.