भाड्याची कॅरॅव्हॅन आणि नलारबोर: टीव्ही सोडा, पाण्याची टाकी बघा

सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात ॲडलेडहून १८ फुटी कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) भाड्यानं घेतली होती. पूर्ण ट्रिपबद्दल लिहायला बसले तर संपणारच नाही, म्हणून एकाच दिवसाचा रिव्ह्यू टाकतेय, दक्षिणेकडच्या ओसाड नलारबोर पठारावरचा, नलारबोर रोडहाऊस (हायवेवरचा पंप, खाणं आणि मुक्काम एकाच ठिकाणी) ते पश्चिमेला मदुराचं रोडहाऊस, साधारण ३८० किमी. त्या दिवशी या कॅरॅव्हॅनची खरी लायकी कळली. कंपनीचं नाव देत नाही, डिपॉझिटचं भांडण अजून मिटलेलं नाहीये.

आधी चांगलं सांगते. बेड मस्त, गादी घरच्यापेक्षा बरी. इलेक्ट्रिक ब्रेक एकदम व्यवस्थित सेट केलेले, आणि ही गोष्ट छोटी नाही, कारण मागे दोन टनांचं धूड असताना समोर रस्त्यात मेलेल्या कांगारूवर बसलेला वेज-टेल्ड ईगल (इथला मोठा गरुड) उडायचं नावच घेत नाही. खाऊन खाऊन इतका जड झालेला असतो की पंख पसरून रस्त्याच्या कडेला जाईपर्यंत तुमचा जीव वर. दोनदा झालं हे. दोन्ही वेळा गाडी सरळ रेषेत थांबली, मागचं धूड जरासुद्धा वळवळलं नाही.

नलारबोर म्हणजे लॅटिनमध्ये 'एकही झाड नाही', पण हायवे पठाराच्या दक्षिण कडेनं जातो, त्यामुळे खरा बोडका पट्टा रोडहाऊसच्या आसपास थोडाच लागतो, पुढे झुडपं सुरूच. डाव्या हाताला बंडा क्लिफ्स. दोन लुकआउटला थांबलो, जमीन अशी चाकूनं कापल्यासारखी संपते आणि खाली एकदम समुद्र. नवरा कड्यापासून दहा फुटांवर आणि मी त्याचा शर्ट धरून.

तिथंच पहिला घोळ. लुकआउटवरून परत येऊन बघतो तर छताची हॅच (झडप) उघडी, तिचं लॅच (कडी) तुटलेलं. समोरून जोरदार वारा होता आणि त्यात रोड ट्रेन्स, म्हणजे दोन-तीन ट्रेलर जोडलेले लांबलचक ट्रक. रोड ट्रेन ओव्हरटेक करते तेव्हा आधी तुम्हाला बाहेर ढकलते आणि मग आत ओढते, ते एक वेगळंच. यूएचएफवर (गाडीतला दुतर्फा रेडिओ) चॅनल ४० लावून ठेवा, ट्रकवाले सांगतात येतोय म्हणून, आपण जरा स्पीड सोडायचा, बास. कंपनीनं यूएचएफ दिला होता, मार्क त्यांना. पण तो कसा वापरायचा हे कोणी सांगितलं नाही, टीव्ही कसा लावायचा ते मात्र वीस मिनिटं दाखवलं, जिथं सिग्नलच नाही तिथं टीव्ही!! लॅच आम्ही डक्ट टेपनं बांधलं, तोवर आत सगळीकडे लाल धूळ, उशीच्या अभ्र्यात पण.

राज्याच्या सीमेवर बॉर्डर व्हिलेजला वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचं क्वारंटाइन, म्हणजे सामान तपासायचा नाका. फळं, भाज्या, मध काहीही नेता येत नाही. मला माहीत होतं, तरी कढीपत्त्याची जुडी फ्रिजच्या दारात राहिली होती, तपासणाऱ्या बाईंनी हसत हसत काढून घेतली. घड्याळाची पण गंमत, इथून पश्चिमेला कायगुना रोडहाऊसच्या जवळपर्यंत यांचा स्वतःचा टाइम, तेव्हा ॲडलेडपेक्षा ४५ मिनिटं मागे आणि पर्थपेक्षा ४५ मिनिटं पुढे. फोनवर विसंबू नका, रोडहाऊसचं किचन किती वाजता बंद होतं ते भिंतीवरच्या घड्याळात बघून विचारा.

डिझेल १०० किमीला १७ लिटर गेलं. कॅरॅव्हॅन नसताना हीच गाडी ९-१० घेते. वारा समोरून असला की असंच, यात कंपनीची चूक नाही, पण बजेट करताना धरून चाला, रोडहाऊसवर शहरापेक्षा बराच जास्त भाव असतो.

युक्लाचं जुनं टेलिग्राफ स्टेशन बघायचंच होतं. १८७७ ला सुरू झालेलं, नंतर सशांनी वाळूवरची झाडी फस्त केली आणि टेकड्या सरकत सरकत इमारतीवर आल्या, आता नुसत्या भिंती वर दिसतात. कॅरॅव्हॅन वरती ठेवून गेलो, वाळूत रुतली असती तर कल्याण.

अंधार पडायच्या आत मदुरा गाठलं (काँट्रॅक्टमध्येच आहे की शहराबाहेर रात्री चालवली तर इन्शुरन्स नाही, आणि संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात त्यामुळे बरोबरच आहे). मदुराला १८७६ मध्ये ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातल्या फौजेसाठी घोडे पाळायचे म्हणे, एवढ्या ओसाडीतून घोडे बोटीनं तिकडे, मला तर फार गंमत वाटली.

आता मुख्य तक्रार. भांडी घासायला नळ सोडला, पंप फडफडला, पाणी बंद. गेजवर (टाकीत पाणी किती ते दाखवणारं) चारही दिवे हिरवे! कागदावर दोन टाक्या, १६० लिटर. शेजारी एक रिटायर्ड आजोबा होते, ते टॉर्च घेऊन सरळ खाली सरपटले, टाक्यांवर टकटक केली, दोन्ही पोकळ. मग बाहेरून फिरून दुसरं झाकण दाखवलं. दोन टाक्यांना भरायची दोन वेगळी तोंडं, हँडओव्हरवाल्या पोरानं आम्हाला एकच दाखवलेलं, म्हणजे दुसरी टाकी पहिल्या दिवसापासून रिकामी. आणि गेज? अडकलेलं, टाकी रिकामी असली तरी हिरवंच. तिथं पाणी भरून मिळत नाही, मागायचं पण नाही, त्या भागात पाणीच नाही. आमचे स्वतःचे २० लिटरचे दोन जेरीकॅन होते म्हणून चहा तरी झाला. आंघोळ दुसऱ्या दिवशी पण नाही.

ताब्यात घेताना खाली वाकून टाक्या वाजवून बघा, दोन्ही तोंडांतून स्वतः पाणी भरा, हॅचची लॅचेस ओढून बघा. पोरगं घाई करेल, करू दे.

पाचपैकी अडीच. ब्रेक आणि गादीमुळे एवढे तरी, नाहीतर एकच दिला असता. हॅचचे म्हणून डिपॉझिटमधून ८५ डॉलर कापलेत, मी डक्ट टेपचं बिल पाठवलंय, बघू.