परदेशी खरेदीदाराचे पैसे आणि पेपाल: विक्रेत्याच्या बाजूने परीक्षण

ऑनलाइन वस्तू विकणाऱ्याला परदेशातून मागणी आली की पार्सलाच्या आधी पैशांचा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा खरेदीदारच देऊन टाकतो: ‘पेपाल चालेल का?’ ऑनलाइन पैसे देण्याघेण्याची सेवा चालवणारी, २००२ मध्ये ईबे या ऑनलाइन बाजारपेठेने विकत घेतलेली आणि २०१५ मध्ये पुन्हा वेगळी झालेली ही कंपनी अनोळखी माणसांमधल्या खरेदी-विक्रीवरच मोठी झाली, त्यामुळे खरेदीदाराच्या मनात तिच्याविषयी जो विश्वास आहे तो आयता मिळतो. माझे मत आधीच सांगतो: सेवा चांगली आहे, पण ती मुळात खरेदीदाराच्या सोयीने बांधलेली आहे आणि विक्रेत्याने ती वापरावी ती हे गृहीत धरूनच.

खरेदीदाराला ती का आवडते हे समजणे कठीण नाही. त्याला आपला कार्ड क्रमांक अनोळखी विक्रेत्याला द्यावा लागत नाही, वस्तू आली नाही किंवा वर्णनाप्रमाणे निघाली नाही तर तक्रारीसाठी १८० दिवस मिळतात आणि पैसे काही क्षणांत पोचतात. याउलट बँकेतून थेट पैसे पाठवायचे तर त्याने आधी आपल्याकडून ८ किंवा ११ अक्षरांचा स्विफ्ट कोड (बँकेची आंतरराष्ट्रीय ओळख) घ्यायचा, काही देशांसाठी ३४ अक्षरांपर्यंत लांब असू शकणारा आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) बिनचूक भरायचा, स्वतःच्या बँकेचे शुल्क सोसायचे, आणि एवढे करूनही मधल्या बँकांनी आपापला वाटा कापून घेतल्यामुळे रक्कम थोडी कमीच पोचायची. एखाद्या छोट्या वस्तूसाठी एवढी खटपट कोणी करत नाही. तो सरळ दुसरा विक्रेता शोधतो.

आता खर्चाकडे वळू. शुल्काचा तक्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, देशागणिक तो बदलतो आणि परदेशी विक्रीला देशांतर्गत विक्रीपेक्षा जास्त दर लागतो, इथपर्यंत सगळे उघड आहे. खरी कात्री लागते ती चलन बदलताना, कारण तिथे शुल्क असे वेगळे दिसत नाही. ते विनिमय दरातच मुरवलेले असते आणि बऱ्याच देशांत घाऊक बाजारातील (बँका आपसात वापरतात त्या) दरापेक्षा साधारण ३ ते ४ टक्क्यांनी वाईट दर मिळतो. समजा, १०० डॉलरची विक्री झाली आणि शुल्क ४.४ टक्के अधिक ३० सेंट असे धरले, तर खात्यात ९५.३० डॉलर उरतात; त्यांचे रूपांतर ३ टक्के कमी दराने झाले की आणखी २.८६ डॉलर जातात आणि हातात ९२.४४ डॉलरच्या किमतीचे पैसे पडतात. वस्तूची किंमत ठरवताना पहिली वजावट बहुतेक जण धरतात, दुसरी मात्र अनेकांच्या हिशेबात येतच नाही. म्हणून पैसे काढण्याच्या पानावर जो दर दाखवला जातो तो त्याच वेळी बाजारातल्या दराशी ताडून पाहावा आणि मगच पुढे जावे. वस्तूची किंमत आपल्याच चलनात मागितली तर रूपांतराचा भार खरेदीदाराकडे जातो खरा, पण परक्या चलनातला आकडा पाहून गिऱ्हाईक बिचकते, हेही तितकेच खरे.

शिवाय वस्तू परत आली आणि पूर्ण रक्कम परत केली, तरी विक्रीच्या वेळी कापलेले शुल्क बहुतेक ठिकाणी विक्रेत्याला परत मिळत नाही. हा नियम मला सर्वांत जास्त खटकतो, कारण व्यवहार मोडल्यावरही मध्यस्थाची दलाली कायम राहते.

विक्रेत्याच्या संरक्षणाची योजना आहे आणि ती कामाचीही आहे, पण तिच्या अटी बारकाईने वाचायला हव्यात. ‘वस्तू मिळालीच नाही’ आणि ‘हा व्यवहार मी केलाच नव्हता’ या दोन प्रकारच्या दाव्यांत ती विक्रेत्याला वाचवते, तेही व्यवहाराच्या तपशिलात दिलेल्या पत्त्यावरच पार्सल पाठवले असेल आणि त्याचा पुरावा असेल तर. डॉलरमधल्या व्यवहारांत ७५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या रकमेसाठी तर पोच मिळाल्याची सहीही लागते. इथेच एक जुना सापळा लावला जातो. पैसे जमा झाल्यावर खरेदीदाराचा अगदी सौजन्याने निरोप येतो की आपण सध्या दुसऱ्या गावी आहोत, तेव्हा पार्सल कृपया भावाच्या पत्त्यावर पाठवावे. विक्रेता भलेपणाने पत्ता बदलतो, वस्तू रीतसर पोचते, आणि मग मूळ पत्त्यावर काहीच आले नाही अशी तक्रार दाखल होते. ट्रॅकिंग क्रमांक दुसऱ्याच गावाचा असल्याने विक्रेत्याजवळ बोलायला काही उरत नाही. अशा वेळी पैसे परत करून नव्या पत्त्यासह पुन्हा पैसे भरायला सांगणे, एवढाच सुरक्षित मार्ग आहे, मग त्यात शुल्काचे नुकसान झाले तरी चालेल.

‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ या तक्रारीला मात्र ही योजना लागू होत नाही. तिथे आपले वर्णन आणि आपली छायाचित्रे हाच काय तो बचाव. जुन्या वस्तू विकणाऱ्यांनी प्रत्येक ओरखडा, प्रत्येक डाग जवळून टिपलेला दाखवावा आणि पार्सल बांधतानाचेही छायाचित्र काढून ठेवावे. खरेदीदाराने पेपालमधून नव्हे तर थेट आपल्या कार्ड देणाऱ्या बँकेकडे तक्रार केली, म्हणजे चार्जबॅक केला, तर अंतिम निर्णयही कंपनीच्या हाती राहत नाही. तो त्या बँकेचा असतो.

नव्या विक्रेत्याची रक्कम २१ दिवसांपर्यंत अडकवून ठेवली जाऊ शकते, पण ट्रॅकिंग क्रमांक वेळेवर भरला तर ती सहसा लवकर सुटते. खात्यावर निर्बंध आले तर हाच काळ १८० दिवसांपर्यंत जाऊ शकतो, म्हणून खात्यात मोठी शिल्लक साठवून ठेवणे शहाणपणाचे नाही.

शुल्क वाचवण्यासाठी ‘मित्र आणि कुटुंब’ या प्रकारात पैसे पाठवा असे सुचवणारे विक्रेते भेटतात. असे करणे नियमांच्या विरुद्ध आहे, त्यात खरेदीदाराचे संरक्षण जाते, आणि हा सल्ला ऐकून जाणता खरेदीदार तिथूनच परत फिरतो.

पर्यायांची तुलना करायची तर परदेशी पैसे पाठवण्याची सेवा देणाऱ्या वाइजचा दर बाजाराच्या मधल्या (खरेदी आणि विक्रीच्या दरांमधल्या) दराजवळ असतो आणि शुल्क वेगळे दाखवले जाते, शिवाय काही चलनांत स्थानिक खाते क्रमांक मिळत असल्याने खरेदीदाराला त्याच्या देशातल्या देशात पैसे पाठवता येतात. मात्र तिथे वस्तूच्या खरेदीला पेपालसारखे संरक्षण नसल्याने पहिल्यांदाच व्यवहार करणारा माणूस कचरतो. स्वतःचे संकेतस्थळ असलेल्यांना स्ट्राइपसारखी कार्ड स्वीकारणारी सेवा सोयीची पडते, आणि तिथे थ्री-डी सिक्युअरची (कार्डधारकाची बँकेकडून होणारी ओळख) पडताळणी पूर्ण झालेली असेल तर चोरीच्या कार्डाचा भार साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो. ईबेवर विकणाऱ्यांना आता हा विचार फारसा करावा लागत नाही, कारण पैसे ईबे स्वतःच स्वीकारते आणि विक्रेत्याच्या बँक खात्यात वळते करते.

एकूणात लहान आणि मध्यम किमतीच्या, ट्रॅकिंगसह पाठवता येणाऱ्या वस्तूंसाठी, विशेषतः खरेदीदार नवा असताना, मी पेपालला पसंती देईन आणि चलन बदलाचा तोटा किमतीत आधीच धरेन. तोच खरेदीदार पुन्हा पुन्हा येऊ लागला की त्याला वाइजकडे वळवण्याचा प्रयत्न करेन. मोठ्या रकमेच्या एकाच वस्तूसाठी मात्र, खरेदीदाराला कितीही कंटाळा आला तरी, बँकेतून थेट हस्तांतरच मागेन आणि आपल्या बँकेने पैसे जमा झाल्याचे सांगितल्याशिवाय पार्सल बाहेर पाठवणार नाही.