सिलिकॉनवर बेंझीन: क्लस्टर घ्यावा की स्लॅब?

एमएस्सी प्रकल्पाला चार महिने आहेत, हाताशी विभागातलं एक वर्कस्टेशन आहे. सिलिकॉनच्या पृष्ठभागावर बेंझीन कसं चिकटतं, हे संगणकावर गणिताने काढायचं आहे. अशा वेळी सगळ्यात आधी मॉडेल ठरवावं लागतं, क्लस्टर (पृष्ठभागाचा छोटा, सुटा तुकडा) की स्लॅब (दोन दिशांनी पुन्हा पुन्हा येत राहणारा काही थरांचा पापुद्रा), कारण पुढचा प्रत्येक आकडा त्यावरच उभा राहतो.

सिलिकॉनच्या (१००) पृष्ठभागावरचे, म्हणजे स्फटिक त्या ठरावीक दिशेने कापल्यावर उघड्या पडणाऱ्या बाजूवरचे, अणू जोडीने जवळ येऊन डायमर बनवतात आणि हे डायमर एका बाजूला कललेले असतात. बेंझीन त्यांवर मुख्यतः दोन तऱ्हांनी बसतं. ‘बटरफ्लाय’मध्ये समोरासमोरचे दोन कार्बन एकाच डायमरला धरतात, वलयात दोन दुहेरी बंध उरतात. ‘टाइट ब्रिज’मध्ये चार कार्बन शेजारच्या दोन डायमरांना धरतात, दुहेरी बंध एकच उरतो. दोन्हींच्या ऊर्जा जवळपास सारख्या असल्याने मॉडेल चुकलं की निकालच उलटतो.

क्लस्टर स्वस्त पडतो. एका डायमरचा क्लस्टर (९ सिलिकॉन, १२ हायड्रोजन) बटरफ्लायपुरता चालतो. टाइट ब्रिजला दोन डायमर हवेत, म्हणजे १५ सिलिकॉन, १६ हायड्रोजन. ऑर्का हे सॉफ्टवेअर शैक्षणिक कामासाठी मोफत आहे. संक्रमण अवस्था (अभिक्रियेच्या वाटेवरचा सर्वांत उंच ऊर्जेचा टप्पा) शोधून फ्रिक्वेन्सी, म्हणजे कंपनांच्या वारंवारता, काढा; काल्पनिक वारंवारता नेमकी एकच यायला हवी. हायब्रिड फंक्शनलही (इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काढण्याचं महागडं सूत्र) परवडतो. पण कडेचे तुटके बंध झाकणारे हायड्रोजन मोकळे सोडले, तर क्लस्टर खऱ्या घनापेक्षा जास्त वाकतो आणि बंध फाजील मजबूत दिसतो. ते हायड्रोजन जागेवर बांधून ठेवा. शिवाय काउंटरपॉइज दुरुस्ती (गणितातल्या अपुऱ्या फलनसंचामुळे बंध खोटा मजबूत दिसतो, ती चूक काढणारी) लावा, आणि डायमरमध्ये द्विमूलक गुण (दोन एकाकी इलेक्ट्रॉन असल्यासारखं वागणं) असल्याने ब्रोकन सिमेट्री गणित (उलट स्पिनचे इलेक्ट्रॉन वेगवेगळे मांडणारं) करून एस-वर्गाची (स्पिन किती शुद्ध आहे ते सांगणारी) किंमत तपासा.

स्लॅब महाग, पण खऱ्या पृष्ठभागाच्या जवळचा. सॉफ्टवेअरपैकी क्वांटम एस्प्रेसो मोफत, व्हॅस्पला परवाना लागतो. ४×४ सेल (पुन्हा पुन्हा येणारा चौकोन, प्रत्येक बाजूला चार अणू), सहा थर: ९६ सिलिकॉन, तळाला ३२ हायड्रोजन, वर बेंझीनचे १२ अणू. खालचे दोन थर स्थिर, वरची निर्वात जागा १५ अँगस्ट्रॉम, के-पॉइंट (इलेक्ट्रॉनांच्या लहरींचे नमुना-बिंदू) २×२×१. पीबीई हा फंक्शनल वापरणार असाल, तर जालक स्थिरांकही (स्फटिकाच्या घटक-पेशीची बाजू) पीबीईचाच, ५.४७ अँगस्ट्रॉम, घ्या. प्रयोगातला ५.४३ टाकला की स्लॅबवर फुकटचा ताण येतो. सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो डायमर सरळ ठेवून सुरुवात केल्यावर: सममितीमुळे बल रद्द होतात आणि डायमर कलतच नाहीत. सुरुवातीलाच हाताने कलवा, ओळीत एकाआड एक उलट दिशेने.

आणि व्हॅन डर वाल्स बल (रेणूंमधलं क्षीण आकर्षण) विसरू नका. शुद्ध पीबीई टाइट ब्रिजला झुकतं माप देतो. हे आकर्षण धरणारा व्हीडीडब्ल्यू-डीएफ फंक्शनल लावला की बटरफ्लाय पुढे जातं.

आमचा कौल असा: फक्त अभिक्रियेचा मार्ग हवा असेल, तर दोन डायमरांचा क्लस्टर. कोणती रचना स्थिर किंवा पृष्ठभागावर बेंझीनची दाटी वाढल्यावर काय होतं हा प्रश्न असेल, तर स्लॅबला पर्याय नाही. स्लॅबवर सात प्रतिमांची (वाटेवरच्या मधल्या रचनांची) एनईबी, म्हणजे सुरुवातीच्या रचनेपासून शेवटच्या रचनेपर्यंतचा अडथळा शोधणारं गणित, वर्कस्टेशनवर रेटू नका. त्यासाठी आयसर पुणेतल्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकावर वेळ मिळवा. आणि जॉब टाकण्याआधी दोन्ही टोकांच्या फाइलींत अणूंचा क्रम ओळीनं ताडून पाहा. दोन हायड्रोजनांची अदलाबदल राहिली, तर अडथळ्याची उंची कैक पटीने वाढलेली दिसते आणि दोष रसायनशास्त्राच्या माथी मारला जातो.