बंदुकीचं काम एक नंबर, पण टाइम काढून जा (साडेतीन स्टार)

वडिलांची ईशापूर कारखान्याची दुनळी बारा बोर बंदूक आहे, पीक संरक्षणाच्या लायसन्सवरची. ते गेल्यावर माझ्या नावावर व्हायलाच दोन वर्षं गेले आणि तेवढ्या दिवस जमा पडून राहून तिची डावी नळी मिसफायर करायला लागली, घोडा पडते, टिक करून आवाज येते, बार काही होत नाही. नागपुरात हे काम येणारे मिस्त्री आता बोटावर मोजण्याइतके उरले, गावच्या एकानं सांगितलं म्हणून बर्डीच्या मागच्या गल्लीतल्या या दुकानात गेलो.

आधी कामाचं. मिस्त्रीनं बंदूक मोडली, नळ्यांमधून उजेडाकडे पाहिलं, फायरिंग पिन काढून नखावर टेकवली आणि म्हणाला टोक झिजलं, स्प्रिंगही थकली. पिन लेथवर नवीन बनवली, स्प्रिंग बदलली, नळ्या आतून साफ केल्या, सगळे मिळून २४०० रुपये. मी पाच हजार धरून गेलो होतो. मालक काका सत्तरीच्या पुढचे आहेत, लायसन्सवरचा नंबर आणि बंदुकीवरचा नंबर दोनदा ताडून पाहिला, रजिस्टरमध्ये नोंद, सही, मगच बंदूक आत घेतली. हे मले लय आवडलं. पण चार दिवस सांगितले आणि लागले बावीस, फोन केला की "उद्या या", गेलो की "बसा, चहा घ्या, मिस्त्री येऊनच राहिला". दीड स्टार तिथंच कापला.

आता बसावंच लागलं म्हणून जे ऐकायला मिळालं ते सांगतो, कारण या दुकानात अर्धे लोक कामासाठी नाही तर बाकावर बसायलाच येतात. तिसऱ्या चकरेला तिथं एक भाऊ बसले होते, मूळचे धरमपेठेतले, तीसेक वर्षांपासून अमेरिकेत मेन राज्यात. हिवाळ्यात नागपूरला येतात, वडिलांची जुनी बंदूक काकांकडून तेलपाणी करून घेतात. तिकडे हा माणूस लायसन्स काढून अस्वलाची शिकार करतो! मी पहिल्यांदाच असा नागपूरकर पाहिला.

त्यांचा राग असा की तिकडे दोनदा, २००४ ला आणि २०१४ ला, अस्वलाला आमिष लावून, कुत्रे सोडून आणि सापळे लावून मारण्यावर बंदी आणायचं सरळ जनतेच्या मतदानाला टाकलं. दोन्ही वेळा बंदीचा प्रस्ताव हरला, पण थोडक्यातच. भाऊ म्हणे, ज्याच्या अंगणात अस्वल कचऱ्याचा डबा उलटवते त्याचं एक मत आणि पोर्टलँड शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याचंही एकच मत, हा कोणता न्याय. तिकडचं जंगल इतकं दाट की चालत जाऊन अस्वल दिसतच नाही, म्हणून शिळे डोनट डब्यात ठेवून समोर मचाणावर बसतात, तसं बसलं की निवांत पाहता येते, मादी असेल, मागे पिल्लं असतील तर सोडून देता येते. २०१४ ला तिथं तीस हजारांच्या वर अस्वलं होते आणि राज्याचं वन्यजीव खातंच बंदीच्या विरोधात उभं होतं, जे १९७५ पासून अस्वलांच्या गळ्यात रेडिओ कॉलर घालून अभ्यास करून राहिलं. हे ऐकून मी गप्प झालो. मोजणारेच जर म्हणत असतील की शिकार चालू ठेवा, तर मग कोणाचं ऐकायचं?

काका मात्र पेटले. "डोनट ठेवून मारता अन् त्याले शिकार म्हणता काय बे? आमचा बाप गारा, म्हणजे आमिषाचं जनावर, बांधून रात्र रात्र बसे, तेव्हा कुठं एक दिसे." मग आवाज खाली आणून म्हणाले, पण खरं सांगू का, आमच्याच लोकांनी टेकड्या रिकाम्या केल्या, ७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा बापानं शिव्या घातल्या, मीही घातल्या, आणि ९१ ला उरलेली परवान्याची शिकारही बंद झाली तेव्हा मी काही बोललो नाही. बंदुका विकणारा माणूस बंदीच्या बाजूनं बोलून राहिला आणि समोरचा सॉफ्टवेअरवाला शिकारीच्या, मी मधात चहा पीत बसलो.

भाऊंचं पुढचं म्हणणं होतं की इथंही परवाने द्या, गावाले पैसा मिळेल, अस्वलं माणसाले भितील. इथं माझं त्यांच्याशी जमलं नाही. माझी आत्या साकोलीकडे राहते, मार्च-एप्रिलमध्ये बाया पहाटेच्या अंधारात मोहफुलं वेचायला निघतात आणि अस्वलही त्याच टायमाला त्याच झाडाखाली. मेनचं काळं अस्वल माणूस पाहून बहुतेक वेळा पळते, आपलं पळत नाही, दचकलं की सरळ अंगावर येते आणि तोंड-डोकंच फाडते. आत्याच्या शेजारणीचा एक डोळा तसाच गेला. परवाना काढून हौशीनं येणारा शहरातला माणूस पहाटे चार वाजता तिच्या मोहाखाली राखण करायला थोडाच बसणार आहे? तो मोठ्या नराच्या कातडीसाठी येईल. अस्वल त्या ७२ च्या कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, माणसाच्या जिवाला धोका झालं तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतात, तेवढं कायद्यात आहेच. मतदानाचं मात्र त्यांचं पटलं, फक्त आपल्याकडे तर मोह वेचणाऱ्या बाईले कोणी तेवढंही विचारलं नाही.

असो. जाणाऱ्यांसाठी: लायसन्स ओरिजिनल न्या, झेरॉक्सवर काका हातही लावत नाहीत. रविवारी बंद. खडकीच्या सरकारी कारखान्याचे काडतूस कधी असतात कधी नसतात, आधी फोन करा. गाडी लावायला जागा नाही, बाहेर रोडवर लावली तर उचलतात. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक जमा करायची असेल तर पहिल्याच आठवड्यात जा, नंतर रांग लागते. डावी नळी आता चालते, दोन बार करून पाहिले, घोडा जरा कडक लागते, पुढच्या चकरेला दाखवतो.