घरच्या लिनक्स डेस्कटॉपला फायरवॉल म्हणून यूएफडब्ल्यू लावू की फायरवॉलडी?

दोन्ही वापरून झालंय माझं, आधी फेडोरावर फायरवॉलडी आणि आता उबुंटूवर यूएफडब्ल्यू. दोन्हींच्या आत ट्रॅफिक गाळायचं काम लिनक्स कर्नेलचं नेटफिल्टरच करतं, त्यामुळे जास्त सेफ कोण हा वाद माझ्या मते फुकटचा आहे, फरक पडतो तो हाताळताना.

फायरवॉलडीचे झोन, म्हणजे प्रत्येक नेटवर्कसाठी नियमांचा वेगळा संच, खरंच मस्त आहेत. घरच्या वायफायला होम, मोबाईलच्या हॉटस्पॉटला पब्लिक असं एकदा लावून ठेवलं की कनेक्शन बदलेल तसे नियम आपोआप बदलतात. फोन आणि कॉम्प्युटर जोडणाऱ्या केडीई कनेक्टसाठी 1714 ते 1764 हे पोर्टचे (कनेक्शन आत यायच्या दारांचे) आकडे पाठ करायला नकोत, सर्व्हिसचं नाव दिलं की झालं. लॅपटॉप घेऊन एफसी रोडच्या कॅफेत बसणाऱ्याला मी हेच घे म्हणेन. फक्त फेडोरा वर्कस्टेशनचा डीफॉल्ट झोन एकदा बघून घ्या, त्यात 1025 ते 65535 पोर्ट बाहेरून आत यायला मोकळेच असतात, म्हणजे फायरवॉल चालू असूनही 8000 वर टाकलेला तुमचा टेस्ट सर्व्हर त्या वायफायवरच्या कुणालाही दिसू शकतो.

मला वैताग आला तो रनटाइम आणि पर्मनंटचा. साधा नियम टाकला तर लगेच लागू होतो पण रीस्टार्ट झालं की गायब, आणि पर्मनंट लावून टाकला तर साठवला जातो पण रीलोड केल्याशिवाय लागू होत नाही. यामागचा विचार चांगला आहे, नियम चुकला तर रीबूट करून सुटका. पण आपल्याकडे गुरुवारी लाईट जाते, डेस्कटॉप काही इन्व्हर्टरवर नाही, मग संध्याकाळी मशीन चालू झालं की आतल्या खोलीतून मुलगी ओरडणार, "बाबा, फोटोंचं फोल्डर परत गेलं!" घरात फोल्डर शेअर करणाऱ्या सांबाचा 445 पोर्ट बंद झालेला असायचा. रनटाइम टू पर्मनंट म्हणून एक कमांड आहे, तिची सवय लावून घेता येते, नाही असं नाही, पण घरातल्या मशीनसाठी इतकं का लक्षात ठेवायचं?

यूएफडब्ल्यूमध्ये नियम टाकला की तिथल्या तिथे लागू आणि तिथल्या तिथे सेव्ह. 445 फक्त 192.168.1.0/24 ला, म्हणजे घरच्या नेटवर्कला, उघडा म्हटलं, विषय संपला. स्टेटस नंबर्ड मारायचं, नको तो नियम नंबर देऊन उडवायचा. झोन नाहीत, पण एका टेबलावरून न हलणाऱ्या डेस्कटॉपला झोन लागतात कितीसे? उबुंटूत यूएफडब्ल्यू आधी बंद असतं, इनेबल आपणच करायचं, आणि एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून कमांड देत, लांबून बसला असाल तर आधी त्याचा 22 पोर्ट उघडा.

डॉकरवाल्यांनी, म्हणजे कंटेनरमध्ये प्रोग्राम चालवणाऱ्यांनी, मात्र दोन्हीकडे सांभाळून. पोर्ट पब्लिश केला की डॉकर स्वतःचे नियम घालतं, ते ट्रॅफिक यूएफडब्ल्यूच्या इनपुट नियमांपर्यंत येतच नाही, आणि फायरवॉलडीत त्याचा वेगळा झोन असतो. त्यामुळे नुसतं 8080:80 लिहू नका, 127.0.0.1:8080:80 लिहा, म्हणजे तो पोर्ट फक्त त्याच मशीनवरून उघडेल.