कॅम्पमधील गॉस्पेल आणि खानापूरचा दमाम

बेळगाव परिसरातील मराठी, कन्नड आणि कोकणी बोलणाऱ्या हौशी गायक-गायिकांच्या एका वृंदाने कृष्णवर्णीय अमेरिकनांचा इतिहास गॉस्पेल गीतांतून, म्हणजे त्यांच्या ख्रिस्ती भक्तिगीतांतून, मांडणारा कार्यक्रम फेब्रुवारीत कॅम्प भागातील एका सभागृहात सादर केला. महिना विचारपूर्वक निवडला होता, कारण इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये याच महिन्यात या इतिहासाचा सप्ताह सुरू केला आणि १९७६ पासून अमेरिकेत तो महिनाभर पाळला जातो.

वाद्यांविना गायलेला पहिला अर्धा तास सर्वांत सरस होता. गुलामगिरीच्या काळातील ही भक्तिगीते नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १८७१ पासून ठिकठिकाणी गाऊन आपल्या संस्थेसाठी पैसा उभा केला, एवढेच सांगून निवेदिका बाजूला झाली, हे फार बरे झाले. एकाने ओळ टाकावी आणि इतरांनी ती झेलावी, ही रीत वारकरी भजनावर वाढलेल्या कानाला परकी नाही. मात्र आपले टाळकरी एकाच स्वरात ओळ उचलतात, तर येथे तीच ओळ खालच्या, मधल्या आणि वरच्या पट्टीत एकाच वेळी उमटत होती. माझ्या शेजारी बसलेले एक वयस्कर गृहस्थ मांडीवर ठेका धरू पाहत होते, पण त्यांचा हात पहिल्या मात्रेवर पडे आणि गायकांची टाळी दुसऱ्या व चौथ्या; दोन-तीनदा चुकल्यावर त्यांनी हात आवरला आणि चौथ्या गीताला मात्र टाळी अचूक पकडली.

पत्नी आणि नवजात बाळ गमावल्यावर शिकागोचे गॉस्पेल संगीतकार थॉमस डॉर्सी यांनी १९३२ मध्ये रचलेले प्रार्थनागीत एका गायिकेने आवाज जराही न चढवता गायले. दुर्दैवाने त्यानंतर कीबोर्ड आणि ड्रम इतके मोठे लावले गेले की शब्द बुडाले.

खरी तक्रार वेगळीच आहे. खानापूर तालुक्यातील सिद्दी कलावंतांना दमाम हा ढोल वाजवण्यासाठी बोलावले होते, पण त्यांच्या वाट्याला आरंभीची जेमतेम सात मिनिटे आली. पोर्तुगीजांच्या काळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले आणि गोव्यातून निसटून या जंगलांत आश्रयाला आलेले लोक यांच्या पूर्वजांत होते. म्हणजे ज्या इतिहासासाठी नॅशव्हिल आणि शिकागोपर्यंत जावे लागले, त्याचा एक धागा व्यासपीठावरच उभा होता आणि निवेदनात त्याचा उल्लेखही झाला नाही. निवेदन केवळ इंग्रजीत होते, हेही खटकले.

दोनशे रुपयांचे तिकीट महाग म्हणवत नाही. पुन्हा प्रयोग झाल्यास जरूर जावे, वेळेआधी पोहोचून पुढच्या रांगा धराव्यात, कारण सभागृहाच्या मागच्या भागात आवाज घुमतो, आणि उशिरा येणाऱ्याचा दमाम तर हमखास हुकेल.