सेलरी बीट: वाशीच्या बाजारात पावसाळ्यापासून आंब्यापर्यंत

वाशीच्या एपीएमसीतल्या गाळेवाल्यांसाठी आम्ही एक वेब ॲप चालवतो. आवक नोंदवायची, विक्री टाकायची, हमाली-तोलाईचा हिशेब धरून शेतकऱ्याची पट्टी काढायची, एवढंच काम. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कवर लिहिलंय. पण पडद्यामागे बरंच काही ठरल्या वेळी व्हावं लागतं: पट्ट्यांचे एसएमएस, खरेदीदारांना थकबाकीची आठवण, रात्रीची रोजमेळ बंद करणं, महिन्याची खातेउतारे पीडीएफ. हे सगळं आधी क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे लिनक्सवर ठरल्या वेळी काम सोडणाऱ्या क्रॉनच्या यादीत होतं. गेल्या पावसाळ्यात सेलरी बीटवर आणलं (सेलरी पडद्यामागची कामं चालवते, बीट हा तिचा वेळ झाली की काम सोडणारा भाग) आणि आता हापूसचा हंगामही त्यावर काढून झाला. म्हणून हा अनुभव.

क्रॉन वाईट होतं असं मुळीच नाही. अडचण एवढीच की वेळ बदलायची तर कुणीतरी सर्व्हरवर शिरायचं. शिवाय पाच मिनिटांनी सुटणारं काम सात मिनिटं चाललं की दुसरं त्याच्या डोक्यावर येऊन बसतं. त्याला एफलॉकचा, म्हणजे एक चालू असताना दुसरं अडवणाऱ्या कुलपाचा, उपाय आहे, पण तो प्रत्येक ओळीला आठवणीने लावावा लागतो.

जँगो-सेलरी-बीट हे पॅकेज घेतलं की वेळापत्रक डेटाबेसमध्ये जातं आणि ॲडमिनच्या पानावर दिसतं. सणाच्या दिवशी बाजार बंद असेल तर आमच्या ऑफिसातल्या ताई स्वतःच आठवणीच्या एसएमएसची खूण काढतात, काही सेकंदांत बीटला ते कळतं, काहीही रीस्टार्ट करावं लागत नाही. माझ्या दृष्टीने अर्धे पैसे इथेच वसूल.

दुसरी आवडलेली गोष्ट बारीक आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी थकबाकीची यादी काढायची होती. क्रॉनमध्ये तारीख 1 ते 7 आणि वार सोमवार असं लिहिलं, तर ते दोन्हीपैकी काहीही जुळलं की सुटतं, म्हणजे पहिले सातही दिवस आणि वर प्रत्येक सोमवार. सेलरीच्या क्रॉनटॅबमध्ये दोन्ही जुळावं लागतं, त्यामुळे पहिला सोमवार सरळ लिहिता येतो. जुन्या ओळी जशाच्या तशा उचलून आणणार असाल तर हा फरक आधी तपासा.

आता टाइमझोन. सेलरी मुळात यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालते, आपण तिच्या साडेपाच तास पुढे. रोजच्या कामाला वजाबाकी करून भागतं. पण 1 तारखेला रात्री साडेबाराला सुटणारं काम यूटीसीत आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी 19:00 ला पडतं, आणि तो दिवस 28, 29, 30 की 31, हे क्रॉनच्या ओळीतल्या पाच रकान्यांत सांगायची सोय नाही. इथे प्रत्येक वेळापत्रकाला वेगळा टाइमझोन देता येतो, तो एशिया-कोलकाता ठेवला की विषय संपला. मात्र चालू यंत्रणेत जँगोचा टाइमझोन नंतर बदललात, तर प्रत्येक कामाची ‘शेवटचं कधी चाललं’ ही नोंद रिकामी करावी लागते. ती आपोआप सुधारत नाही.

खरी गंमत पुढे आहे. भाजी बाजारात गाड्या मध्यरात्रीनंतर लागतात आणि पहाटे व्यवहार होतात. व्यापाऱ्याचा दिवस कॅलेंडरच्या दिवसाशी जुळतच नाही. त्यात बीट तुमच्या कामाला ‘तू अमुक वेळेचं काम आहेस’ असं काही सांगत नाही, फक्त सोडून देतं. रात्री 11:50 चं काम रांगेत अडकून 12:10 ला चाललं, की कोडमधलं ‘आज’ बदललेलं असतं आणि रोजमेळ भलत्याच तारखेला बंद होते. आम्ही व्यवहाराची तारीख हा वेगळा रकाना ठेवला, ती बाजाराच्या वेळेवरून ठरते, घड्याळावरून नाही. गाळा आणि व्यवहाराची तारीख या जोडीवर डेटाबेसमध्ये युनिकची, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा येऊ न देणारी, अट आहे. काम दोनदा सुटलं तरी दुसरं मुकाट परत जातं. ही अट नसती तर बाकी सगळी चर्चा फुकट होती, कारण सेलरीत एखादं काम कधी ना कधी दोनदा सुटणार हे धरूनच चालावं.

का, ते सांगतो. बीट फक्त ब्रोकरकडे, म्हणजे निरोपांची रांग धरणाऱ्या प्रोग्रामकडे (आमच्याकडे तो रेडिस), निरोप टाकतं; तो उचलून प्रत्यक्ष काम करतो तो वर्कर. वर्कर तीन तास बंद असेल तर पाच मिनिटांच्या कामाचे 36 निरोप साठतात, आणि वर्कर उठला की सगळे एकामागून एक चालवतो. म्हणून अशा प्रत्येक कामाला मुदत द्यायचीच, मुदत टळलेला निरोप टाकून दिला जातो. बीट स्वतः बंद असेल तर उलटा प्रकार: ते सुरू झालं की चुकलेलं काम लगेच सोडतं. रात्रीच्या आठवणीचा एसएमएस ऐन पहाटेच्या सौद्यात खरेदीदाराला गेला तर तो काय म्हणेल ते इथे लिहिण्यासारखं नाही. सेलरी 5.3 पासून, किती मागचं चुकलेलं काम चालवायचं याला सेटिंगने मर्यादा घालता येते. मूळ स्थितीत ती मर्यादा नसते.

आणि ‘हे सकाळी सहाला पाठव’ असं एकेक निरोपाला सांगायची सोय आहे, ती रेडिसबरोबर लांबच्या वेळेसाठी वापरू नका. पोच न मिळालेला निरोप रेडिसवर तासाभराने पुन्हा वाटला जातो, ही ठरावीक मुदत आहे, बिघाड नव्हे. सहा तास पुढची वेळ दिलीत तर तोच एसएमएस अनेकदा जाऊ शकतो. आम्ही पाठवायची वेळ टेबलात लिहितो आणि दर पाच मिनिटांनी बीटचं एक काम ‘वेळ झालेलं काय आहे’ एवढंच बघतं. जुनाट वाटेल, पण सकाळी फोन येत नाहीत.

बीट एका वेळी एकच चालवायचं. दोन चालले की सगळं दुप्पट. मे महिन्यात फळ बाजाराचा भार वाढल्यावर आम्ही वर्कर दुसऱ्या सर्व्हरवरही लावले, बीटला हात लावला नाही. वर्करच्या पोटातच बीट चालवायचा पर्याय आहे, तो आपल्या लॅपटॉपपुरता ठीक. पीडीएफ काढणाऱ्या वर्करची मेमरी हळूहळू फुगते, ठरावीक कामांनंतर प्रोसेस नवी करण्याची सेटिंग लावली की पुरे.

दोन-चार कामंच असतील आणि सर्व्हर एकच असेल, तर हे सगळं बिऱ्हाड घेऊ नका. लिनक्समधलाच सिस्टीमडी टायमर पुरतो. आधीचं काम चालू असेल तर तो दुसरं सुरू करत नाही, पर्सिस्टंट ही सेटिंग लावली तर सर्व्हर बंद असताना चुकलेलं काम नंतर करतो, आणि लॉग एका जागी मिळतो. आमचा डेटाबेसचा बॅकअप त्यावरच आहे, रेडिस पडलं म्हणून बॅकअप चुकला असं मला कुणाही शेठना सांगायचं नाही. बीट जिवंत आहे का हे बघणारी छोटी स्क्रिप्टही तिथेच ठेवलीय: प्रत्येक काम संपल्यावर टेबलात वेळ लिहितं, आणि ती वेळ शिळी झाली की आमच्या फोनवर निरोप येतो.